खुब्यातलं लोखंड

सडका कांदा हातात फुटला की पहिल्यांदा गार लागतो. मग त्याचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, नखांत शिरतं, आणि पुढे दोन दिवस भाकरीलाही तोच वास येतो. यंदा जुलैत आमच्या कांद्याच्या चाळीत रोज हेच चाललं होतं. पावसाची झड पश्चिमेच्या बाजूने आत शिरली आणि तळातला कांदा बसला. आम्ही चौघं सकाळी सातला चाळीत उतरायचो. आई आणि माझी बायको उज्वला चांगला कांदा वेगळा काढायच्या, मी सडलेला टोपल्यात भरून बांधावर नेऊन ओतायचो. माझ्या वडलांना, नानांना, उकिडवं बसता येत नाही. ते उलट्या क्रेटवर डावा पाय लांब टाकून बसायचे आणि एकेक कांदा अंगठ्याने दाबून बघायचे.

नाना, म्हणजे सावळीराम, सतरा वर्षं फौजेत होते. सत्त्याऐंशी साली श्रीलंकेत त्यांच्या डाव्या खुब्यात मागच्या बाजूने बॉम्बचा तुकडा घुसला. तो अजून आतच आहे. थंडीत दुखतो, पावसात जास्त दुखतो. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे. नानांनीही अडतीस वर्षांत काढलं नव्हतं. ते काढायला लावलं रंगनाथने.

शाळेच्या आवारात गावातल्या फौजींच्या नावांचा दगड बसवायचा ठरलं होतं, पंधरा ऑगस्टच्या मुहूर्तावर. ग्रामसभेत नावं वाचली गेली. पदकवाल्यांची नावं वर मोठ्या अक्षरांत, बाकीच्यांची खाली. सरपंचाने सहज विचारलं, "नाना, तुम्हाला काय हाय का?"

"पदक नाय," नाना म्हणाले. "जखम हाय."

रंगनाथ पुढच्या खुर्चीवर होता. तोही फौजीच, पण त्याची सगळी नोकरी स्टोअरात ब्लँकेटं वाटण्यात गेली. आता गावात मिशा पिळत फिरतो आणि झेंडावंदनाला सगळ्यांच्या आधी हजर असतो. तो मागे वळून म्हणाला, "जखम कुठं हाय ते बी सांगा की! ढुंगणाला कुणाला लागतं? ज्यानं वैऱ्याला ढुंगण दाखवलं त्याला!"

सभा हसली. मीही हसलो. खोटं कशाला सांगू? तोंड आधी हसलं आणि मन मागून आलं. नानांनी मान वळवून पाहिलं, ते रंगनाथकडे नाही, नेमकं माझ्याकडे. मी खाली बघून चपलेचा अंगठा नीट करायला लागलो. स्वतःची एवढी शिसारी मला आधी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा चाळीत उतरलो. मग नाना हातातला कांदा ठेवून म्हणाले, "शेखर, मला कागद पाहिजे."

"कसला?"

"वूंड मेडल असतं. जखमेचं पदक. तवा मागितलं नाय. आता मागायचं."

"अडतीस वर्षांनी?"

"दगडावर नाव राहू दे खालीच. पण ही जखम वैऱ्यानं केली, एवढं सरकारनं लिहून दिलं पाहिजे. ज्यांना हसायचं त्यांना दाखवायला."

मी टोपलं उचलून बाहेर गेलो. बांधावर सडक्या कांद्याचा ढीग माशांनी काळा झाला होता. तिथेच थोडा वेळ उभा राहिलो, कारण आत जायची हिंमत होईना.

कागद नव्हतेच. ते कुठे गेले हे आईने सांगितलं. नाना लष्करी दवाखान्यातून सुट्टीवर आले तेव्हा माझ्या आजीने त्यांना वस्तीच्या फाटकाशीच थांबवलं. मरणाचा हात लागलेली चीज घरात आणायची नाही, असं तिचं म्हणणं. तिने नानांच्या अंगावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्यांना सगळं उतरवायला लावलं. खुब्यावर रफू केलेली पँट, बनियन, बूट, आणि पिशवीतलं दवाखान्याचं कार्ड, एक्स-रे फोटोचं पाकीट, सगळे कागद. त्याचं गाठोडं केलं, त्यात नारळ ठेवला आणि बैलगाडी जुंपून थेट नांदूरला जाऊन गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडून आली. पलटणीत मशीनगन चालवणारा माणूस टॉवेल गुंडाळून फाटकाशी उभा राहिला आणि आपल्या आईपुढे ब्र काढला नाही. आजीला वाटलं, पोराचं मरण वाहून गेलं. वाहून गेला तो पुरावा.

मग मी नानांना घेऊन नाशिकच्या सैनिक कल्याण ऑफिसात गेलो. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, तरी आमच्या अंगाला कांद्याचा वास होता. बाकावरच्या बाईने पदर नाकाला लावला. टेबलामागच्या माणसाने अर्ज वाचला आणि म्हणाला, "जखम युद्धातली आहे हे कशावरून?"

नाना उभे राहिले. मला काही कळायच्या आत त्यांनी पट्टा सोडला, पाठ फिरवली आणि पँट खाली सरकवली.

"अहो काका! काका! इथे लेडीज आहेत!" तो माणूस खुर्चीतून उठलाच. पलीकडे कोणीतरी हसलं. नाना पट्टा आवळताना भोक सापडेना म्हणून चाचपडत राहिले. शेवटी मी पुढे होऊन पट्टा लावून दिला.

तो माणूस वाईट नव्हता. त्याने एक्स-रे काढून आणायला सांगितलं. तो काढला. हाडाच्या मागे भुईमुगाच्या शेंगेएवढा पांढरा तुकडा दिसत होता. डॉक्टर म्हणाले, "धातू आहे एवढं मी लिहून देतो. कुठला ते मी कसं लिहू? तुमच्याकडे विहिरींना सुरुंग लावतात, त्यातही असं होतं." ऑफिसातला माणूसही तेच म्हणाला. "दवाखान्याचा कागद नसेल तर त्या वेळी सोबत असलेल्या जवानाचं प्रतिज्ञापत्र आणा. त्याचं स्वतःचं फौजेचं बुक पाहिजे. मग आम्ही वर पाठवतो."

बाहेर येऊन नाना म्हणाले, "पुंजा हाय. पुंजा भोये. सुरगाण्याचा. तिथं माझ्यासंगं तोच होता."

"जिवंत आहे का?"

"काय ठावं? त्यानंतर वर्षातच फौजेतून नाव कापून घरी गेला. डोक्यावर परिणाम झाला व्हता म्हणत."

सुरगाण्याच्या बाजूचा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता, देवराम मुकादम. दर वर्षी पौषात कांद्याच्या लागणीला तो आमच्याकडे तिकडची टोळी आणतो. मी त्याला फोन लावला आणि फौजेतला पुंजा भोये माहीत आहे का विचारलं. देवराम म्हणाला, "माहीत आहे की. आमच्याच पाड्यावरचा. या, मी घर दाखवतो."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. सुरगाण्यापर्यंत एसटी आणि पुढे जीप. जीपमध्ये चौदा माणसं कोंबलेली, नाना अर्ध्या ढुंगणावर बसलेले. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आवळायचा. बाहेर पावसाने डोंगर दिसत नव्हते. खाचरांत बायका डोक्यावर प्लास्टिक घेऊन वाकलेल्या होत्या, भाताची लावणी शेवटाला आली होती. माझ्या मनात आलं, आमच्या वाफ्यातसुद्धा या अशाच वाकलेल्या दिसतात, चेहरे काही आपण बघत नाही.

देवरामने दाखवलेलं घर कुडाचं होतं. दारात एक वाळका म्हातारा भारे बांधायला नागलीच्या पेंढ्याचे आळे वळत बसला होता. दात नव्हते, पायांची बोटं चिखलाने फुगून पांढरी पडलेली. त्याने वर बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. त्याची बायको झुंबरबाई आतून घासलेला पितळी तांब्या घेऊन आली आणि तिने आधी नानांच्या हातात दिला. नाना तांब्याला तोंड लावून घटाघटा प्यायले.

"वळखलंस का, पुंजा?" तोंड पुसत नाना म्हणाले.

"मी वळखलं," म्हातारा म्हणाला. "तूच नाही वळखलंस."

"आरं, आत्ताच तर आलो मी."

"आत्ता नाही. पौषात."

नानांना समजेना.

"एकवीस दिवस होतो मी तुझ्या शेतावर," पुंजा सांगायला लागला. आवाजात राग नव्हता, पावसापाण्याचं सांगावं तसं सांगत होता. "सून लागणीला आली होती. तिचं पोर लहान, म्हणून मी संग आलो, पोर सांभाळायला आणि जमेल तशी लागण करायला. पहिल्याच दिवशी तू बांधावरून लंगडत आलास. मी चाल बघून वळखलं. म्हटलं, सावळीरामच. उठलो बोलायला. तहान लागली होती म्हणून आधी तुझ्या ओट्यावरच्या माठाला हात घातला."

तो थांबला. चुलीपाशी बसलेल्या सुनेने, पल्लवीने, मान न वळवता वाक्य पुरं केलं. "तुम्ही बोल्लात, ए म्हाताऱ्या, माणसांच्या माठाला हात लावू नको. तुमचा मग तिकडं निंबाला हाय."

निंबाला तारेने टांगलेला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, मग. मी लहान असल्यापासून तो तिथे आहे. मजुरांनी त्याने खालच्या टाकीतलं पाणी घ्यायचं. जातपात आम्ही मानत नाही असं आम्ही सगळेच म्हणतो, आणि कोणी विचारलं तर छाती पुढे काढून म्हणतो. तो मग तिथे का, असं मला कधी कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो दिवस मला आता आठवला. म्हातारा हात मागे घेऊन निंबाकडे गेला होता. आईने माठ रिकामा करून राखेने घासायला सांगितलं होतं, आणि तो उचलून ओतायला गेलो होतो तो मी.

नाना तांब्या हातात धरून बसले होते. तो खाली कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"पुंजा, मी तोंडाकडं बघितलंच नाय रे," एवढंच ते म्हणाले.

"हां. मजुराच्या तोंडाकडं कोण बघतं? पोरगं रडत होतं, मीही मग बोललो नाही. बरं, काम काय काढलंस?"

काम सांगायला नानांनी मला खुणावलं. मी सांगितलं. रंगनाथचं बोलणं सांगितलं. मी हसलो ते सांगितलं नाही. पुंजा उठला, त्याने वाशात खोचलेली खताची पिशवी ओढून काढली. तिच्यात दुसरी पिशवी, तिच्यात तिसरी. आत त्याचं फौजेचं बुक होतं, कोरडं ठणठणीत. त्या गळक्या घरात त्याने सदतीस वर्षं कागद जपला होता. त्याच्यावर त्याला पेन्शन नाही, काही नाही.

"चल," तो म्हणाला. "कागद कुठं करायचा?"

तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या टपरीत एक टायपिंगवाला बसतो. त्याने पुंजाला स्टुलावर बसवलं आणि सांगा म्हणाला. पुंजाने उभं राहूनच सांगितलं, हात मांडीला चिकटवून, साहेबापुढे सांगावं तसं.

"रस्त्याच्या कडेला नाला होता. माझ्या मांडीला गोळी लागली, मी नाल्यात पडलो. समोरच्या घरातून फायर चालू होता. बाकी पोरं मागं गेली. हा एकटा परत आला. माझ्या पट्ट्याला धरून मला ओढायला लागला. तोंड माझ्याकडं, पाठ त्यांच्याकडं. ओढणाऱ्याची पाठच असते तिकडं, साहेब. तेवढ्यात बॉम्ब पडला. त्याला मागं लागलं. तरी त्यानं पट्टा सोडला नाही."

टायपिंगवाल्याची बोटं थांबली होती. मी टपरीच्या खांबाला धरून उभा होतो. अडतीस वर्षं हे माझ्या घरात होतं आणि मला माहीत नव्हतं. ग्रामसभेतलं माझंच हसणं मला पुन्हा ऐकू आलं. नाना जमिनीकडे बघत होते.

"झालं," टायपिंगवाला म्हणाला. "आता शेवटचं. अर्जदाराशी तुमचा संबंध काय लिहू?"

"सोबती," नाना पटकन म्हणाले. "पलटणीतला सोबती."

"मजूर लिहा," पुंजा म्हणाला.

"पुंजा!"

"मागल्या पौषात ह्यांच्या शेतावर मजूर होतो. तेच लिहा."

टायपिंगवाल्याने चष्मा वर केला. "बाबा, मालकासाठी मजुराने दिलेली साक्ष म्हटल्यावर वर कोणी धरणार नाही. सोबती लिहिलं की काम होतंय."

पुंजा नानांकडे वळला. "सावळीराम, सोबत्याला कोणी निंबाखाली पाणी पाजतं का? तू मला ओढलं ते खरं, ते मी देवापुढंही सांगेन. पण त्यानंतरचंही खरंच आहे. अर्धं खरं माझ्या अंगठ्यानं नको."

पावसाचे थेंब पत्र्यावर ताडताड वाजत होते. नानांनी डावा पाय दोनदा उचलून पुन्हा टेकवला. मी मनात म्हणत होतो, नाना, एक शब्द बोला, पाया पडा, काहीतरी करा, कागद हातचा जातोय. ते पुंजाकडे बघतही नव्हते.

"लिही," शेवटी ते टायपिंगवाल्याला म्हणाले. "मजूर लिही."

पुंजाने अंगठा उठवला. शाई धोतराला पुसली, बुक पिशव्यांत गुंडाळलं आणि आमच्या आधीच पाड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसला. जाताना त्याने नानांना हात केला. नानांनी सॅल्यूट करायला हात उचलला, पण अर्ध्यातच खाली घेतला.

पंधरा ऑगस्टला दगड बसला. नानांचं नाव शेवटून दुसरं आलं. रंगनाथ हार घालून फिरत होता. सगळ्यांदेखत त्याने विचारलं, "काय नाना, आला का ढुंगणाचा दाखला?" मी पुढे झालो, त्याची कॉलर माझ्या हातात आलीच होती, पण नानांनी माझं मनगट धरलं. "सोड," ते म्हणाले. "त्याचं तोंड धरून काय हुईल?"

दिवाळीच्या आधी पत्र आलं. साक्षीदार अर्जदाराकडे मजुरीस असल्याने त्याची साक्ष स्वतंत्र धरता येत नाही, दुसरा पुरावा असल्यास सादर करावा. नानांनी ते दोनदा वाचलं. सरकारला, ऑफिसला, पुंजाला, कोणालाच शिवी दिली नाही. उठून निंबाकडे गेले, तारेतून तो मग काढला आणि चाळीच्या बांधावर, जिथे मी सडका कांदा ओततो, तिथे दगडाने चेचून चपटा केला.

"आता मजूर कशानं पाणी पितील?" आईने विचारलं.

"माठातलं. आपण पितो त्यातलं."

"माझ्या माठाला?"

"हो. तुझ्याच."

आईने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी नाना विंचूरला जाऊन स्टीलचा नवा पेला घेऊन आले, आणि ओट्यावर माठाच्या झाकणावर पालथा घालून ठेवला. रोज सकाळी तो स्वतः घासायचे. टोळी यायला दोन महिने होते तरी घासायचे. मला ते बघवत नसे.

पौषात देवराम टोळी घेऊन आला. नाना सकाळपासून रस्त्याला उभे होते. टेम्पोतून एकेक माणूस उतरलं, प्रत्येकाच्या तोंडाकडे त्यांनी बघितलं. पुंजा आला नव्हता. पल्लवी आली होती, लेकरू कडेवर घेऊन.

"सासरा नाय आला?" नानांनी विचारलं.

"नाही, मालक."

दुपारी बारापर्यंत त्यांनी चार वाफे लावले. ऊन तापलं होतं. पल्लवी चिखलाचे पाय ओढत वाफ्याबाहेर आली आणि सवयीने निंबाकडे गेली. हात वर करून तिने फांदी चाचपली. तार होती, मग नव्हता. ती तशीच हात वर धरून थांबली. मी बांधावरून तिचा चेहरा बघत होतो, पहिल्यांदाच नीट बघत होतो. तिला वाटलं तेच मला तिच्या तोंडावर दिसलं. तेवढंही काढून घेतलं.

ओट्यावरून नाना ओरडले, "पोरी, इकडं ये! माठातलं घे! इकडं!"

तिने ओट्याकडे बघितलं. माठ बघितला, त्याच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभी असलेली आई बघितली. मग लेकराला खांद्यावर घेतलं आणि भरभर चालत वाफ्यांना पाणी देणाऱ्या चारीकडे गेली. सकाळीच मी त्यात खत सोडलं होतं. ती काठावर बसली आणि ओंजळीने ते गढूळ पाणी प्यायला लागली.

"अगं, नको ते!" मी ओरडलो. तिला वाटलं असेल, आता चारीलाही हात लावू देत नाहीत. ती आणखी घाईघाईने प्यायली.

नाना पेला भरून ओट्यावरून उतरले. त्यांना पळता येत नाही. डावा पाय पडला की पेला हिंदकळायचा आणि पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. ते चारीशी पोचले तेव्हा पेल्यात निम्मं उरलं होतं. त्यांनी तो दोन्ही हातांनी पुढे केला.

"घे पोरी. पी."

पल्लवी उठली. पदराने तोंड पुसलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"झालं माझं, मालक," ती म्हणाली आणि वाफ्यात जाऊन पुन्हा वाकली.

नाना पेला पुढे धरून तिथेच उभे राहिले. ते पाणी त्यांना पिता येईना आणि ओतताही येईना.